रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घ्यावी का? नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

विदर्भात रेस्पिरेटरी थेरपिस्टला काम भरपूर आहे, पण त्या नावाची पदं कमी आहेत. सगळा निर्णय या एका वाक्याभोवती फिरतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात फक्त पहिला अर्धा भाग छापलेला असतो आणि नातेवाईक फक्त दुसरा सांगतात. दोन्ही भाग खरे आहेत.

माझं आयुष्य आयसीयूत जातं, त्यामुळे दर मे-जूनमध्ये ओळखीपाळखीतून फोन येतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, नीटचे मार्क कमी असतात आणि कुणीतरी "बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी" हे नाव सुचवलेलं असतं. मामांचा प्रश्न ठरलेला, "हे करून पोरगी डॉक्टर होते का?" नाही होत, आणि हे पहिल्या मिनिटाला सांगितलेलं बरं. पुढचं सगळं त्यानंतरचं.

पहिली पायरी : काम नक्की काय असतं ते समजून घ्या

श्वास ज्याला स्वतःहून पुरेसा घेता येत नाही, त्याचा श्वास सांभाळणं हे काम. सकाळी ड्युटीवर आलं की रात्रीच्या पाळीकडून एकेका व्हेंटिलेटरचा हवाला घ्यायचा. कोणता मोड, किती ऑक्सिजन, रात्री कोणता अलार्म वाजत होता, ट्यूब ओठांजवळ किती सेंटिमीटरवर बांधली आहे. ट्यूबच्या कफचा, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूबभोवती फुगवलेल्या छोट्या फुग्याचा, दाब मोजायचा. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान हवा. कमी झाला तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते. छातीतला बेडका सक्शनने ओढून काढायचा, धमनीतून रक्त घेऊन एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) करायची, आणि डॉक्टरांच्या राउंडमध्ये सांगायचं की हा पेशंट आज मशीनवरून सुटण्याजोगा आहे की नाही. मग अर्धा तास ते दोन तास त्याला जवळजवळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा आणि शेजारी उभं राहून बघायचं. पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं असेल तर सोबत जायचं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, हातभर बाळांचा सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारं यंत्र) सांभाळायचा. आयसीयूबाहेर पीएफटी लॅब (फुप्फुसांची क्षमता फुंकून मोजतात ती), ब्राँकोस्कोपीला (दुर्बिणीने श्वासनलिका तपासण्याला) मदत, झोपेची तपासणी, घरी बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र) घेऊन जाणाऱ्या पेशंटला मास्क बांधायला शिकवणं, हेही याच कामात येतं.

आता आपल्याकडचे पेशंट बघा. पावसाळ्यात मण्यार चावलेला माणूस येतो. जखम दिसतही नाही, पण पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि काही तासांत श्वासाचे स्नायू बंद पडतात. त्याला वेळेत व्हेंटिलेटर मिळाला आणि तो नीट सांभाळला गेला, तर तो बहुधा स्वतःच्या पायांनी घरी जातो. कपाशीच्या पट्ट्यातून फवारणीचं औषध अंगात गेलेले किंवा पोटात घेतलेले पेशंट येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने छाती स्रावाने भरते आणि स्नायूही दुबळे होतात, त्यामुळे मशीन कधीकधी कितीतरी दिवस लागतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते विसरण्यासारखं नाही. सिकलसेलचं प्रमाण आपल्या भागात मोठं, आणि त्यात छातीचा तीव्र त्रास उद्भवला की पेशंट झपाट्याने बिघडतो. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी, उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणी आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं असलेल्या जिल्ह्यात धुळीने खराब झालेली फुप्फुसं नवलाईची नाहीत. वर क्षयरोग आहेच.

हे काम कुणीतरी करतंच आहे. बऱ्याच रुग्णालयांत ते सिस्टर, भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि आयसीयूचे टेक्निशियन आपसांत वाटून घेतात. म्हणून तर पद तयार होत नाही.

दुसरी पायरी : दोन गणितं सोडवून बघा

आवड तपासायला कौन्सेलरकडे जाण्याआधी हे करा. कागद-पेन घ्या.

पहिलं गणित. गडचिरोलीहून पेशंट नागपूरला आणायचा आहे. अँब्युलन्सला चार तास लागतील. पेशंटला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन चालू आहे. बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर मावतो. किती सिलिंडर घ्याल? चार तास म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे २४०० लिटर. दोन सिलिंडरांत ३०००, म्हणजे पाच तासांची सोय. पुरेसं वाटतं. पण उमरेडच्या अलीकडे ट्रक आडवा पडला आणि तासभर गेला, तर तुम्ही नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या गेटवर पोहोचता तेव्हा काटा शून्यावर असेल. शिवाय सिलिंडर खरंच पूर्ण भरलेलं होतं का, हे निघताना पाहिलं होतं का? तिसरं सिलिंडर घ्यावं लागतं. हा विचार उत्तर वाचण्याआधी तुमच्या मनात आला असेल, तर हे क्षेत्र तुम्हाला जमेल असं मी म्हणेन.

दुसरं गणित. १५० सेंटिमीटर उंचीची, ८० किलो वजनाची बाई, दोन्ही फुप्फुसं गंभीर सुजलेली. मशीनने एका श्वासात किती हवा द्यायची? नियम असा की किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर, पण ते वजन काट्यावरचं धरायचं नाही, उंचीवरून काढायचं. स्त्रीसाठी सूत्र : ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४). उत्तर येतं जेमतेम ४३ किलो, म्हणजे एका श्वासाला साधारण २६० मिलिलिटर. काट्यावरचे ८० किलो धरले असते तर ४८० गेले असते. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, आणि जास्तीची हवा आधीच आजारी असलेलं फुप्फुस आणखी बिघडवते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. एक आकडा नीट बसवल्याने एवढा फरक.

ही गणितं कंटाळवाणी वाटली असतील तर तसं स्वतःशी कबूल करा, त्यात कमीपणा नाही. चार वर्षं हेच आहे : भौतिकशास्त्र, वायूंचे नियम, आम्ल-अल्कली, आणि त्यात एक आजारी माणूस. बारावीत बायोलॉजी आवडायची पण फिजिक्स नकोसं व्हायचं, अशा मुलामुलींना इथे पहिलं वर्ष जड जातं.

गणिताखेरीजही काही गोष्टी आहेत. कफ, रक्त, उलटी यांची किळस काही आठवड्यांत जाते, सगळ्यांचीच जाते. मृत्यूची सवय तशी होत नाही. रात्रपाळी चुकत नाही आणि रात्री मेट्रो बंद असते, म्हणून रामदासपेठ-धंतोलीतल्या खासगी रुग्णालयात नोकरी करायची तर घरी जाण्यायेण्याचं काय, हा प्रश्न मुलींच्या पालकांनी आत्ताच विचारलेला बरा. दमा असलेल्यांनी आधी छातीच्या डॉक्टरांशी बोलावं.

तिसरी पायरी : नीटचा हिशेब मिटवा

हे लिहायला थोडं कडू आहे. एमबीबीएस हुकलं म्हणून या पदवीकडे येणाऱ्यांपैकी काहीजण उत्तम थेरपिस्ट होतात. काहीजण मात्र रोज डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून स्वतःलाच सोलत राहतात. या पदवीतून एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वगैरे प्रवेश मिळत नाही. तसं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. पुन्हा एकदा नीट द्यायची खरोखर इच्छा असेल तर आधी ती द्या. इकडे प्रवेश घेऊन तिकडची तयारी केली की दोन्ही अर्धवट राहतात.

चौथी पायरी : पदवीची मान्यता तपासा

२०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. तोवर हा व्यवसाय कागदावर जवळपास अदृश्य होता. या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी लागते. त्याखालच्या सहयोगी पातळीला किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत. तेव्हा "एका वर्षात व्हेंटिलेटर टेक्निशियन, नोकरीची शंभर टक्के हमी" असा बोर्ड दिसला की हे आकडे आठवा.

बघायचं ते असं. पदवी कोणतं विद्यापीठ देणार आहे? महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. त्याखेरीज अभिमत आणि खासगी विद्यापीठं स्वतःच्या पदव्या देतात. युजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा, आणि तिथेच असलेली बोगस विद्यापीठांची यादीही उघडा. त्या यादीत नागपूरचंही एक नाव आहे, त्यामुळे हे प्रकार दिल्ली-बिहारकडेच चालतात या भ्रमात राहू नका. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन पदवी तर विचारातही घेऊ नका. युजीसीने २०२५ मध्ये या कायद्याखालच्या अभ्यासक्रमांना दूरशिक्षणाची दारं बंद केली आहेत. शेवटी कॉलेजला लेखी विचारा की पास झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी कोणत्या नावाने होते. "होऊन जाईल, काळजी करू नका" हे उत्तर नव्हे. मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

पाचवी पायरी : कॉलेज नव्हे, आयसीयू बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. इमारत, वाय-फाय, गणवेश यांनी कुणी व्हेंटिलेटर चालवायला शिकत नाही. शिकतो तो आयसीयूत, आणि तेही हात लावायला मिळाला तर.

कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल आणि "टाय-अप" असेल, तर कोणत्या रुग्णालयाशी, आठवड्यातून किती दिवस, आणि तिथे आधीपासून आणखी किती कॉलेजांची मुलं येतात? आयसीयूत चालू व्हेंटिलेटर किती आणि एका वेळी विद्यार्थी किती? चार मशीन आणि तीस मुलं असतील तर तुम्ही चार वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यांवरून बघत राहाल. एनआयसीयू वेगळं आहे का? पीएफटी लॅब रोज चालते की कुलूप लावून ठेवलेली आहे? कोणत्या सेमिस्टरपासून बेडजवळ पाठवतात? चौथ्या वर्षाची इंटर्नशिप कुठे आणि विद्यावेतन किती, की उलट तुमच्याकडूनच फी घेतात?

शिकवतं कोण, हा दुसरा. रेस्पिरेटरी थेरपीत एमएस्सी केलेला एक तरी पूर्णवेळ शिक्षक असावा. सगळे विषय फिजिओथेरपीचे किंवा ओटीचे (ऑपरेशन थिएटरच्या कोर्सचे) शिक्षक शिकवत असतील, तर चांगली मुलंही पुस्तकी राहतात.

हे सगळं ऑफिसात विचाराल तेव्हा उत्तरं गोड मिळतील. म्हणून दुपारी दोनच्या सुमारास, पाळी बदलते तेव्हा, रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर जा. तर्री पोहे घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढंच विचारा, "दादा, मशीनवरचा आकडा बदलायचा ठरला की तो कोण बदलतं?" उत्तर "सरांसमोर आम्ही" असेल तर ती जागा चांगली. "आम्ही फक्त नोंदी करतो" असेल तर पुन्हा विचार करा. "आम्हाला कुणी काही करू देत नाही, पण रात्री सगळं आमच्यावर सोडतात" असं उत्तर आलं तर तिथे जाऊच नका.

नागपुरात मोठी आयसीयू पाहायची तर मेडिकल आणि त्याचं सुपरस्पेशालिटी, मेयो, मिहानमधलं एम्स, डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल, आणि वर्ध्याकडे सावंगी मेघे आणि सेवाग्राम ही नावं आहेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी ही पदवी मिळते असं समजू नका. अलाइड हेल्थचे कोर्स दरवर्षी बदलतात, चालू वर्षाचं माहितीपत्रकच हातात घ्या. पण छातीच्या ओपीडीबाहेर एक सकाळ बसून या. बारावीच्या मुलाला आयसीयूत कुणी सोडणार नाही, आणि सोडूही नये. पीएफटी लॅब मात्र ओळखीने बघायला मिळते. पेशंटला "जोरात फुंका, आणखी, आणखी, थांबू नका" असं दिवसभर सांगण्यात आपला घसा आणि संयम टिकेल का, ते तिथे कळतं.

नागपूरबाहेर जायची तयारी असेल तर हे क्षेत्र दक्षिणेत जास्त रुजलेलं आहे. मणिपाल, वेल्लोरचं सीएमसी आणि कोचीचं अमृता इथे ही पदवी आहे. केरळ एक्स्प्रेस नागपूरहून थेट काटपाडीला आणि एर्नाकुलमला जाते, तेव्हा अंतराचा बाऊ करायचं कारण नाही. जेवणाचा आणि भाषेचा प्रश्न येतो, तो सहा महिन्यांत सुटतो.

सहावी पायरी : नोकरीच्या जाहिराती उलट्या क्रमाने वाचा

पदवी आधी आणि नोकरी नंतर असा विचार न करता, गेल्या दोन वर्षांच्या जाहिराती काढा. एम्स, वैद्यकीय शिक्षण संचालनालय, राष्ट्रीय आरोग्य अभियान, महापालिका, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि रेल्वेची रुग्णालयं. पदाचं नाव आणि पात्रतेची ओळ वहीत उतरवा. तुम्हाला दिसेल की भूल तंत्रज्ञ, ओटी, डायलिसिस, प्रयोगशाळा ही नावं पुन्हा पुन्हा येतात, रेस्पिरेटरी थेरपिस्ट क्वचित. सरकारी भरतीत पात्रतेच्या ओळीत तुमच्या पदवीचं नाव नसेल तर तुमचं ज्ञान कितीही असो, अर्ज छाननीत बाद होतो. "घरात सरकारी नोकरीच हवी" आणि "नागपूर सोडायचं नाही" या दोन्ही अटी पक्क्या असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की ही पदवी घेऊ नका.

खासगीत चित्र वेगळं आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईच्या कॉर्पोरेट रुग्णालयांत हे पद आहे. पहिली दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी काढली की नागपुरातलं रुग्णालयही तुमच्याशी बोलताना पगाराचा आकडा बदलतं. व्हेंटिलेटर आणि स्लीप मशीनच्या कंपन्यांत क्लिनिकल अॅप्लिकेशनचं काम मिळतं. त्यात फिरती खूप, पण रात्रपाळी नाही.

आखाती देशांत जाता येतं. तिथे डेटाफ्लो या कंपनीकडून पदवीची पडताळणी आणि बहुतेक ठिकाणी परवान्यासाठी प्रोमेट्रिकची संगणकावरची परीक्षा असते, आणि अनुभव मागतात. अमेरिकेचं स्वप्न दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. तिथल्या आरआरटी (नोंदणीकृत रेस्पिरेटरी थेरपिस्ट) परीक्षेला बसायला तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातून शिकलेलं असावं लागतं, भारतीय पदवीवर थेट दार उघडत नाही.

सातवी पायरी : पैशाचा हिशेब मांडा

फी एका वर्षाची सांगतात, तुम्ही चारही वर्षांची लिहा. त्यात होस्टेल, मेस, परीक्षा फी, गणवेश, स्टेथोस्कोप आणि इंटर्नशिपच्या वर्षाचा खर्च घाला. समजा पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं, तर हप्ता महिन्याला सुमारे ८,३०० रुपये येतो. शिकतानाचं व्याज साचलं तर त्याहून जास्त. आता त्या कॉलेजच्या मागच्या बॅचमधल्या तीन-चार जणांना फोन करून पहिला पगार विचारा. हातात आलेला विचारा, कागदावरचा नको. हप्ता त्या पगाराच्या तिसऱ्या भागाहून जास्त होत असेल तर ते कॉलेज तुमच्यासाठी महाग आहे, मग ते कितीही नावाजलेलं असो.

शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर कॉलेज आणि अभ्यासक्रम दोन्ही नावानिशी दिसतात का, हे प्रवेशाआधी बघा. अभिमत विद्यापीठ आणि राज्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेज यांना सवलती सारख्या लागू होत नाहीत. या एका फरकाने घरचं गणित बदलतं. शेती विकून किंवा आजीचे दागिने ठेवून ही पदवी करू नका.

आठवी पायरी : शेजारच्या वाटा

आयसीयू आवडतं पण स्थिर नोकरी हवी, त्यांना बीएस्सी नर्सिंग बरं. चार वर्षं, गावोगावी पद, आणि पुढे क्रिटिकल केअरमध्ये जाता येतं. यंत्रं आवडतात आणि सरकारी भरतीही हवी, त्यांनी भूल तंत्रज्ञाची पदवी बघावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीत (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीत) ती आहे आणि शासकीय कॉलेजांत ते अभ्यासक्रम चालतात, त्यामुळे फीही आवाक्यात. स्वतःचं क्लिनिक टाकायचं मनात असेल तर फिजिओथेरपी. छातीची फिजिओथेरपी करून श्वासाच्या पेशंटपर्यंत पोहोचताही येतं. परफ्यूजनला, म्हणजे शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवण्याच्या कामाला, जागा थोड्या असतात आणि हृदयशस्त्रक्रिया जिथे होते तिथेच.

मग रेस्पिरेटरी थेरपी कुणी घ्यावी? ज्याला वरची दोन गणितं सोडवताना मजा आली, चांगलं आयसीयू असलेलं कॉलेज परवडतंय, आणि पहिली काही वर्षं नागपूरबाहेर काढायला घरचे तयार आहेत. तिन्ही असतील तर बिनधास्त घ्या. एक कमी असेल तर शेजारची वाट बघा.

ठरलंच असेल तर

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. किमान टक्केवारी आणि प्रवेश परीक्षेची अट ज्या वर्षी जाणार त्या वर्षीच्या पत्रकातून वाचा. दक्षिणेतल्या संस्थांचे अर्ज निकालाची वाट बघत नाहीत, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच ते भरून ठेवा. राज्याबाहेर जाणार असाल तर नागपूर विभागीय मंडळाचं मायग्रेशन, शिवाय डोमिसाइल, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांचे अर्ज आधीच टाका, जूनमध्ये सेतू केंद्रावर झुंबड असते. "आज भरली तरच सीट" असं कुणी म्हणालं तर फी परताव्याचा नियम लेखी मागा आणि एक रात्र जाऊ द्या.

आणि हिपॅटायटिस-बीची लस आत्ताच सुरू करा. तीन डोस असतात : पहिला, महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सुया हाताळायला लागण्याआधी तिन्ही पूर्ण झालेले हवेत, आणि कॉलेज त्याची आठवण करून देईलच असं नाही.